फक्त तीनशे प्रती, सहीसह : जुन्या ॲनिमेशनपटांच्या 'लिमिटेड एडिशन' प्रिंटचं गणित

मार्च २०२५ च्या अखेरीस आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एकच लाट आली. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, वेरूळला कैलास लेण्यासमोर काढलेले सहलीचे फोटो, सगळे जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या चित्रपटांसारखे दिसायला लागले. चॅटजीपीटीला फोटो द्यायचा आणि चित्र घ्यायचं, एवढंच काम. लाट ओसरली, पण तिच्यामुळे बऱ्याच मुलांनी ते मूळ चित्रपट शोधून पाहिले. तिथून त्यांचा मोबाईल त्यांना जाहिराती दाखवायला लागला: अमुक क्लासिक ॲनिमेशनपटावर आधारित आर्ट प्रिंट, लिमिटेड एडिशन, फक्त तीनशे प्रती, प्रत्येक प्रतीवर क्रमांक, चित्रकाराची सही.

मी छत्रपती संभाजीनगरात चित्रकला शिकवतो. पुण्या-बंगळुरात नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि खाली विचारतात, "सर, घेऊ का?" त्यातल्या एकाच्या वडिलांनी, ते गेवराईकडचे कापूस उत्पादक शेतकरी, मला फोनवर दुसराच प्रश्न केला: "गुरुजी, कागदावर छापलेल्या चित्राला एवढे पैसे कशाचे? छापलंय ना ते?" मला बापाचा प्रश्न जास्त आवडला. त्याचं उत्तर नीट मिळालं की मुलाचंही मिळतं.

आधी मूळ चित्र कुठलं, ते बघू

रवींद्रनाथांचं किंवा गायतोंडेंचं चित्र म्हटलं की एक कॅनव्हास किंवा एक कागद डोळ्यापुढे येतो. ॲनिमेशनपटाचं तसं नाही. तिथे मूळ चित्रंच लाखाच्या घरात असतात.

हिशोब करून पाहा. डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 'स्नो व्हाइट' १९३७ चा. लांबी ८३ मिनिटं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे १,१९,५२० फ्रेम. कधी एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, तर कधी एकाच फ्रेममध्ये पात्रांचे दोन-तीन थर असतात, पण अंदाज येतो. आधी ॲनिमेटर पेन्सिलीने हालचाल काढणार. मग ती रेघ प्लास्टिकच्या पारदर्शक तावावर शाईने उतरवली जाणार आणि मागच्या बाजूने रंग भरला जाणार. या पारदर्शक तावाला 'सेल' म्हणतात, कारण तो सुरुवातीला सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा असे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं सगळं जग तिच्यावर चाललं. सेलच्या मागे वेगळं रंगवलेलं पार्श्वचित्र, म्हणजे जंगल, महाल, आकाश. दोन्ही एकावर एक ठेवून वरून फोटो काढला की एक फ्रेम झाली.

शूटिंग झाल्यावर या सेलचं काय करायचं, हे फार काळ कुणाला सुचलंच नाही. कित्येक धुऊन पुन्हा वापरले, कित्येक फेकले. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्वाझिए गॅलरीने डिस्नेचे सेल फ्रेम करून विकायला घेतले. १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाल्यावर तिथल्या दुकानात ते पर्यटकांना आठवण म्हणून अगदी किरकोळ पैशांत मिळत. जे उरले ते आज लिलावात विकले जातात.

पुढे हा ओघच आटला. डिस्नेने १९८९ च्या 'लिटल मरमेड'नंतर हाताने रंगवलेले सेल सोडून संगणकावर रंग भरायला सुरुवात केली. घिबलीचा पूर्ण संगणकावर रंगवलेला पहिला चित्रपट १९९९ चा. त्यानंतरच्या चित्रपटांत सेल नावाची वस्तूच तयार झाली नाही. चाहते आहेत, भिंती आहेत, हातात पैसा आहे, पण विकायला मूळ चित्र नाही. छापील प्रतींचा बाजार वाढला त्याचं हे एक मोठं कारण.

मग विकतात ते काय?

एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि फसगत इथेच होते.

पहिली, खरा प्रॉडक्शन सेल: चित्रपटासाठी प्रत्यक्ष रंगवलेला, कॅमेऱ्याखाली गेलेला. दुसरी, चित्रपट झाल्यावर संग्राहकांसाठी मुद्दाम केलेला सेल. त्यात दोन प्रकार, हाताने रंगवलेला आणि स्क्रीनने छापलेला. छापलेल्याला सेरीसेल म्हणतात. दिसतो सेलसारखाच, पण चित्रपट बनवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. तिसरी वस्तू म्हणजे आजच्या एखाद्या चित्रकाराने त्या चित्रपटावरून नव्याने काढलेलं चित्र, स्टुडिओची परवानगी घेऊन मोजक्या प्रतींत छापलेलं. तुमच्या जाहिरातीतलं बहुधा हेच. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या 'मोंडो' या संस्थेने ही रीत लोकप्रिय केली. ती एका थिएटर साखळीच्या आधाराने वाढली. चित्रकाराला चित्रपट द्यायचा, स्टुडिओचं जुनं पोस्टर विसर म्हणायचं आणि तुझ्या नजरेने काढ म्हणायचं. काही शे प्रती, आणि त्या अनेकदा काही मिनिटांत संपत. २०२२ मध्ये ही संस्था फंको या खेळणी कंपनीने विकत घेतली.

चौथी वस्तू म्हणजे विनापरवाना छापलेलं काहीही.

पैठणच्या मुलखातल्या वाचकाला यातला फरक सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्याकडची जाणती बाई पैठणी घेताना आधी पदर उलटा करते. हातमागावरच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. यंत्रमागावरच्या 'सेमी'ला मागे मोकळे धागे दिसतात. सेमी पैठणी वाईट नव्हे, चारचौघीत मिरवता येते, आणि तिच्या किमतीत ती चोख असते. वाईट आहे ते सेमीला हातमागाची म्हणून विकणं. प्रिंटचंही हेच. सेरीसेल सेरीसेल म्हणून घ्या, पोस्टर पोस्टर म्हणून घ्या, आनंदाने घ्या. पण आधी पदर उलटा करा.

छपाई कशी होते, आणि भिंगातून काय दिसतं

छापलंय ना ते, या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

चांगल्या संग्राह्य प्रिंटपैकी बऱ्याच स्क्रीन प्रिंटिंगने होतात. हे तंत्र आपल्याला परकं नाही. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, प्रचाराचे टी-शर्ट सगळं यावरच होतं. लग्नसराईत परभणीतल्या एका छोट्या प्रेसमध्ये मी बराच वेळ नुसता उभा राहिलो होतो. लाकडी चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड. त्यावर इमल्शन लावून, फिल्म ठेवून उजेड दिलेला. उजेड लागला तिथे इमल्शन घट्ट बसलं, जिथे काळी फिल्म होती तिथलं पाण्याने धुऊन गेलं. म्हणजे जाळी तेवढीच उघडी राहिली. कारागिराने कोपऱ्याला कागद टेकवला, चौकट खाली घेतली, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई एका दमात ओढली. चौकट वर. कागदावर लाल गणपती. थिनरचा वास सगळ्या खोलीत. कागद वाळवणीच्या रॅकवर गेला. सोनेरी रंग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या स्क्रीनने. कागद टेकवताना केसाइतका सरकला तर सोनेरी किनार गणपतीच्या सोंडेवर जाते आणि पत्रिका बाद होते.

आता हेच १२ रंगांच्या चित्राला लावा. १२ रंग म्हणजे १२ स्क्रीन. तीनशे प्रतींसाठी ३,६०० वेळा स्क्वीजी ओढायची, प्रत्येक वेळी कागद तंतोतंत त्याच जागी बसवायचा. मध्येच बाद होणारे कागद धरून सुरुवातीला जास्तीचे घ्यावे लागतात. पारदर्शक शाई खालच्या रंगावर छापून तिसरा रंग काढायचा, एकाच स्क्रीनवर दोन शाया मिसळून संध्याकाळचं आकाश उतरवायचं, असल्या करामती त्यातच. हे काम करणारा छपाईवाला नुसती प्रत काढत नाही, चित्रकाराने काढलेलं चित्र रंगांच्या थरांत पुन्हा बांधतो. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'ची अप्रतिम पार्श्वचित्रं रंगवणारे आयविंड अर्ल पुढे स्वतःच्या निसर्गचित्रांच्या अशाच स्क्रीन प्रिंट करत राहिले. ज्याने मूळ पार्श्वचित्रं हाताने रंगवली त्यालाही हे माध्यम कमी प्रतीचं वाटलं नाही.

दुसरी रीत 'जिक्ले'. नाव भारदस्त आहे, काम मोठ्या आणि उत्तम इंकजेट प्रिंटरचं आहे. पिगमेंट शाई, चांगला सुती कागद, नीट सांभाळलेले रंग. जलरंगासारखी हळूहळू विरणारी छटा स्क्रीनपेक्षा यात जास्त चांगली उतरते. माझा याला विरोध नाही. फक्त इथे तीनशेवी प्रत काढायला पहिलीइतकेच कष्ट लागतात, म्हणजे बटण दाबण्याचे. म्हणून स्क्रीन प्रिंटच्या दराने जिक्ले विकत असतील तर कारण विचारा. तिसरी रीत ऑफसेट. आपली मासिकं, कॅलेंडरं छापतात ती. हजारो प्रतींसाठी योग्य, शंभर प्रतींसाठी कुणी सहसा वापरत नाही.

ओळखायचं कसं? घड्याळजीकडे असतं तसलं दहापट भिंग घ्या. ऑफसेटमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके नियमित फुलासारखे मांडलेले दिसतात. इंकजेटमध्ये अतिसूक्ष्म ठिपक्यांचा अनियमित फवारा दिसतो. स्क्रीन प्रिंटमध्ये बहुधा सलग, भरीव रंग, कापल्यासारखी कड, आणि दोन रंग भेटतात तिथे एकावर एक चढलेल्या शाईची बारीक पायरी. कागद तिरका धरला की शाईची जाडी उजेडात दिसते. काही चित्रकार स्क्रीनमध्येही मुद्दाम ठिपके वापरतात, पण ते मोठे असतात. मूळ स्क्रीन प्रिंट स्कॅन करून इंकजेटवर काढलेल्या नकला बाजारात येतात, त्या पकडायला एवढं भिंग पुरतं. सही पेन्सिलीची असेल तर कागद हलवून पाहा. शिशाची चकाकी येते आणि पेन्सिलीने दाबलेला हलका खळगाही जाणवतो. छापलेल्या सहीला यातलं काही नसतं.

४५/३०० म्हणजे काय?

एकूण तीनशे प्रतींतली ही पंचेचाळिसावी. एवढंच. पहिली प्रत चांगली आणि शेवटची वाईट, हा समज तांब्याच्या पत्र्यावरून होणाऱ्या जुन्या छपाईतून आला. तिथे पत्रा खरोखर झिजायचा. स्क्रीन आणि इंकजेटला तो लागू नाही. शिवाय अकराव्या रंगानंतर कागदांची चवड कुठल्या क्रमाने आली होती हे कुणी लक्षात ठेवत नाही, क्रमांक शेवटी टाकतात. १/३०० साठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते आकड्याच्या हौसेचे.

तीनशेच्या बाहेरही काही प्रती असतात, हे मात्र माहीत हवं. 'एपी' लिहिलेल्या चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, 'पीपी' लिहिलेल्या छपाईवाल्याच्या. साधारण दहा टक्क्यांपर्यंत असल्या तर ती रीतच आहे. मग 'व्हेरिएंट' येतो: तेच चित्र, वेगळे रंग किंवा चमकती शाई, आणखी शंभर प्रती. मग लहान आकार. मग कॅनव्हासवर. प्रत्येकावर वेगळा क्रमांक आणि प्रत्येक 'लिमिटेड'. म्हणून विचारायचा प्रश्न असा: या चित्राच्या सगळ्या रूपांत, सगळ्या आकारांत मिळून किती प्रती आहेत, आणि पुन्हा छापणार नाही असं लेखी कुठे आहे? चांगला प्रकाशक हे न विचारता सांगतो. 'टाइम्ड एडिशन' नावाचाही प्रकार आहे. दोन-तीन दिवस विक्री उघडी ठेवायची, जेवढ्या मागण्या येतील तेवढ्याच छापायच्या. तो प्रामाणिक असतो, पण प्रती हजारोही होऊ शकतात.

तीनशेच का? आणखी छापता येत नाहीत?

येतात. तीनशे ही मुद्दाम घातलेली मर्यादा आहे, आणि हे कबूल करूनच पुढे बोलावं. प्रिंट घेताना तुम्ही कागद आणि शाई घेता, तसा एक शब्दही घेता: यापुढे छापणार नाही. शब्दाची किंमत देणाऱ्यावर ठरते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आकडा नंतर बघा, आकडा टाकणारा कोण ते आधी बघा. प्रकाशकाचं नाव, छपाईवाल्याचं नाव, चित्रकाराच्या स्वतःच्या पानावर त्या चित्राचा उल्लेख, स्टुडिओच्या परवानगीची ओळ. यातलं काही नसेल आणि नुसतं सोनेरी किनारीचं 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' असेल, तर तो आणखी एक छापील कागद झाला.

ठरवून केलेली दुर्मिळता आणि काळाने केलेली दुर्मिळता यांत फरक आहे, आणि तो महाराष्ट्राइतका कुणाला जवळून माहीत असेल? राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दगडावरून छापलेली ती लक्ष्मी, ती सरस्वती. कुणी मर्यादा घातली नव्हती, क्रमांक नव्हते, उलट घरोघरी जावी हाच हेतू होता. गेलीही. मराठवाड्यातल्या किती वाड्यांच्या देवघरांत ती होती! मग धुराने काळवंडली, कसर लागली, वाडे पडले, नव्या चित्रांनी जागा घेतली. १९७२ मध्ये छापखानाही आगीत गेला. आज चांगल्या स्थितीतली जुनी प्रत संग्राहक शोधत फिरतात, जरी-टिकल्या शिवून सजवलेली असेल तर जास्तच.

उलट आजची तीनशे प्रतींची प्रिंट पाहा. घेणारे तीनशेही जण तिला नळीत किंवा सपाट, अंधारात जपून ठेवतात. वीस वर्षांनी त्या तीनशेच्या तीनशे राहणार. जी वस्तू सगळे जपतात ती काळामुळे दुर्मिळ होत नाही.

पण प्रतीला प्रतीची किंमत असते का?

असते, आणि हे सांगायला मला परदेशी उदाहरण लागत नाही. आपल्या अजिंठ्याचीच गोष्ट आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवायला घेतली, त्यात अनेक वर्षं घालवली. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. मग १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या मदतीला नंदलाल बोससारखे तरुण चित्रकार होते. एवढे लोक एवढी वर्षं नकला का करत राहिले? कारण भिंतीवरचं मूळ चित्र दर दशकाला थोडं थोडं पडत होतं. आज भिंतीवर जे उरलेलं नाही ते काही ठिकाणी फक्त त्या नकलांत आहे.

सेलचं दुखणं तसलंच आहे. ॲसिटेटचा (पुढे सेल्युलॉइडऐवजी आलेल्या प्लास्टिकचा) सेल जुना झाला की विघटन होऊन त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो आक्रसतो, लाटा येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. चांगल्या कागदावर पिगमेंट शाईने नीट छापलेली प्रत त्याच्यानंतरही टिकू शकते. नक्कल म्हणून नाक मुरडण्याआधी ती कशाची, कुणी, किती मन लावून केली ते बघायला हवं.

कायद्याने मात्र एक रेघ ओढलेली आहे. आपल्या सीमाशुल्क दरपत्रकात 'मूळ' मुद्राचित्र कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे: चित्रकाराने संपूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या साच्यावरून थेट काढलेले ठसे. यांत्रिक किंवा छायायांत्रिक (फोटोच्या मदतीने होणाऱ्या) पद्धतीने काढलेले त्यात येत नाहीत. जिक्ले या व्याख्येत बसत नाही, ती छापील चित्रांत मोडते. परदेशातून मागवताना विक्रेता 'ओरिजिनल आर्ट' म्हणाला म्हणून इथला अधिकारी तसं म्हणेलच असं नाही. सीमाशुल्क, कर आणि कुरिअर मिळून किंमत बरीच चढते, ते आधी विचारून घ्या.

परवानगीचा प्रश्न, आणि एआयचा

"सर, चित्रपट एवढा जुना आहे, आता कुणाचीही प्रिंट चालेल ना?" हा नेहमीचा प्रश्न. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण रेखाटनं, पार्श्वचित्रं या कलाकृतींचा वेगळा हिशोब होतो. त्यांना चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. त्यावर ट्रेडमार्क आणखी वेगळा, आणि तो नूतनीकरण करत गेलं तर संपतच नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला १९२८ च्या 'स्टीमबोट विली'तला मिकी माउस मुक्त झाला, पण तेवढाच, त्या रूपातलाच. नंतरच्या चित्रपटांतला मिकी त्या त्या चित्रपटाची मुदत संपेल तसाच मुक्त होत जातो. म्हणून 'जुना आहे' हे उत्तर नाही. परवानगीची ओळ कुठे आहे, हा प्रश्न आहे.

एआयने काढलेलं चित्र विकणारे म्हणतात, आम्ही पात्र घेतलं नाही, फक्त शैली घेतली. नुसत्या शैलीवर कॉपीराइट सहसा नसतो हे खरं. पण 'लिमिटेड एडिशन' म्हणून ते विकलं जातं तेव्हा माझी हरकत दुसरी आहे. तेच वाक्य पुन्हा लिहिलं की यंत्र तसलंच दुसरं चित्र काही क्षणांत काढून देतं, मग 'यापुढे छापणार नाही' या शब्दाला आधार कशाचा? आणि पेन्सिलीने सही करायची तर कुणी? ज्यांनी पडद्यावरच्या एकेका सेकंदासाठी बारा-चोवीस चित्रं हाताने काढत डोळे झिजवले त्यांच्या कामाची ओढ म्हणून आपण हे चित्र घेतो. त्या ओढीचे पैसे हाताने काढणाऱ्याकडे जावेत असं मला मनापासून वाटतं.

गुंतवणूक म्हणून?

नको. काही प्रिंट मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने पुन्हा विकल्या गेल्या आहेत, आणि जाहिरातीत त्याच दाखवतात. ज्यांचे भाव पडले त्यांची जाहिरात कुणी करत नाही. शिवाय पुनर्विक्रीचा बाजार मुख्यतः अमेरिका, युरोप, जपानमध्ये आहे. लातूरला किंवा नांदेडला अडचणीच्या वेळी सोनं तासाभरात मोडता येतं. प्रिंट मोडायला गिऱ्हाईक शोधा, पाठवायला नळी आणा, कुरिअर भरा, वाटेत कोपरा दुमडला तर भाव उतरतो. भिंतीवर रोज बघावंसं वाटतं म्हणून घ्या, तेवढ्याच पैशांत घ्या.

घेतलीच, तर लावायची कशी

आपल्याकडची फ्रेमची दुकानं देवाचे फोटो आणि लग्नाचे फोटो यांत पारंगत आहेत. त्यांची रीत म्हणजे चित्र फेविकॉलने एमडीएफवर चिकटवायचं आणि वरून लॅमिनेशन दाबायचं. फोटोला ते उत्तम, प्रिंटचा मात्र तिथेच शेवट. एकदा चिकटवलेली प्रिंट परत सुटत नाही आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमत संपते. चकचकीत, छान दिसते म्हणून आग्रह होईल, ठाम नाही म्हणा. क्रमांक लिहिलेली कडच कापून फ्रेममध्ये बसवून दिलेली चित्रं मी पाहिली आहेत. कडेची पांढरी पट्टी कापू नका हे दुकानदाराला लिहून द्या.

हवं ते असं: मागे-पुढे ॲसिड-फ्री माउंटबोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा, चित्र वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगलेलं, म्हणजे उद्या ओल्या बोळ्याने सुटेल. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने शाई काचेला धरते. अतिनील किरण अडवणारी काच परवडत असेल तर घ्या, नसेल तर जागा नीट निवडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, तिथे नको. गच्चीच्या ओलीची भिंत नको. दर पोळ्याच्या आसपास फ्रेमची मागची बाजू उघडून कसर आणि वाळवी बघा.

आपल्याकडे होईल का हे?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच घेतो. भारतातही हाताने काढलेल्या ॲनिमेशनची परंपरा आहे. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. त्याच राम मोहन यांनी पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा मोठा ॲनिमेशनपट केला. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्याने थिएटरात लागला तेव्हा माझ्या वर्गातली मुलं भारावून आली होती. १९७४ चा दूरदर्शनवरचा 'एक अनेक और एकता' पाहिला नाही असा चाळिशीपुढचा माणूस सापडणं कठीण. या कामांवरून नवी चित्रं काढून, रीतसर परवानगी घेऊन, मोजक्या प्रतींत छापावीत असं आपल्या चित्रकारांना वाटायला हवं.

परवानगी मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हात बसवायला स्वतःचा विषय घ्या. अजिंठ्याच्या जातककथा आहेत, वेरूळचं शिल्प आहे, पैठणचे मोर आहेत. यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पत्रिकेच्या प्रेसमध्ये लग्नसराई संपली की यंत्रं रिकामी असतात. जून-जुलैत कारागिराशी बोला. चार रंगांपुरतंच चित्र आखा, चार फिल्म काढा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) सुती कागद पुणे-मुंबईहून मागवा, साठ कागद घ्या म्हणजे पन्नास चांगल्या प्रती निघतील. प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही, मागे छपाई करणाऱ्या कारागिराचं नावही. एका वहीत कुठली प्रत कुणाला गेली ते लिहा. सगळ्या प्रती वाळल्या की कारागिराला सांगून स्वतःच्या डोळ्यांदेखत चारही स्क्रीन धुऊन घ्या आणि ती तारीख वहीत टाका. पुढच्या मोसमात त्याच चौकटींवर पत्रिका छापायला त्याला त्या मोकळ्या हव्याच असतात.